अंग तापले, पण ताप की ऊन?

उन्हाळा सुरू झाला की दवाखान्यात अंग तापलेले दोन प्रकारचे रुग्ण येऊ लागतात. एक तापाचा. त्याला हुडहुडी भरलेली असते, तो पांघरूण मागतो आणि 'डॉक्टरसाहेब, आधी पंखा बंद करा' म्हणतो. दुसरा ऊन लागलेला. तो भर दुपारी वावरात, वीटभट्टीवर किंवा लग्नाच्या मांडवात राबत असतो आणि चार माणसे त्याला उचलून आणतात. दोघांनाही थर्मामीटर लावला तर तो १०४ दाखवील. घरच्या मंडळींच्या दृष्टीने दोघांनाही 'ताप'च चढलेला असतो आणि निघण्यापूर्वी दोघांनाही तापाची एकच गोळी दिलेली असते.

पहिल्याला त्या गोळीने बरे वाटते. दुसऱ्याला तिचा काडीचाही उपयोग होत नाही. उलट गोळीचा गुण येईल म्हणून वाट पाहण्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तो त्याच्या जिवावर बेतू शकतो. थर्मामीटरचा आकडा एकच आणि उपचार मात्र वेगळे, असे का? हे समजायचे तर आपले शरीर आपली उष्णता कशी सांभाळते, ते आधी पाहायला हवे.

निरोगी माणसाचे तापमान ९८.६ अंश असते, हे आपल्याला शाळेपासून पाठ असते. हा आकडा जर्मनीतील कार्ल वुंडरलिश या डॉक्टरांचा. त्यांनी लाइपझिगच्या रुग्णालयात सुमारे २५ हजार रुग्णांची तापमाने पुन्हा पुन्हा मोजली आणि १८६८ साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्या काळचा थर्मामीटर वीतभराहून लांब असे आणि तो बराच वेळ काखेत धरून ठेवावा लागे. रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या, दोघांच्याही चिकाटीला दाद द्यायला हवी. मात्र ९८.६ ही काही दगडावरची रेघ नव्हे. १९९२ साली अमेरिकेत निरोगी तरुणांची तापमाने काळजीपूर्वक मोजली, तेव्हा सरासरी ९८.२ भरली. शिवाय दिवसभरात तापमान खालीवर होतच असते. पहाटे ते सर्वांत कमी असते, संध्याकाळी चार ते सहाच्या सुमारास सर्वांत जास्त. दोहोंत जवळजवळ एका अंशाचा फरक पडतो. स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात ते अर्धा-पाऊण अंश चढलेले असते. त्यामुळे 'रोज संध्याकाळी ९९ ताप येतो' म्हणून घाबरून येणाऱ्यांपैकी पुष्कळांना काहीही झालेले नसते. वजन घटत असेल, खोकला असेल, रात्री घाम सुटत असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा क्षयाची तपासणी टाळू नये.

(आपल्याकडे हवेचे तापमान सेल्सिअसमध्ये आणि अंगाचे फॅरनहाइटमध्ये सांगण्याची पद्धत आहे. या लेखातही तसेच केले आहे. ९८.६ फॅरनहाइट म्हणजे ३७ सेल्सिअस आणि १०४ फॅरनहाइट म्हणजे ४० सेल्सिअस, एवढे लक्षात ठेवले की पुरे.)

पेटती चूल

जिवंत शरीर म्हणजे सतत पेटलेली चूल. आपण स्वस्थ पडून असलो तरी हृदय, यकृत, मेंदू, मूत्रपिंडे यांचे काम चालूच असते आणि त्यातून उष्णता निघत राहते. ती साधारण ७० ते १०० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाएवढी असते. ही उष्णता बाहेर जाण्याचे सगळे मार्ग बंद केले, तर नुसते पडून राहिलेल्या माणसाचेही तापमान तासाला एका सेल्सिअस अंशाहून अधिक चढेल. कुदळ-फावडे चालवणाऱ्या माणसात हीच उष्णता पाच-सहा पटींनी वाढते. तेव्हा उष्णता निर्माण करणे ही शरीरापुढची अडचण क्वचितच असते. खरी अडचण ती वेळच्या वेळी बाहेर टाकण्याची असते.

या सगळ्याचा कारभार मेंदूच्या तळाशी असलेला, जेमतेम बदामाएवढा एक भाग पाहतो. त्याचे नाव हायपोथॅलॅमस. त्वचेतून आणि रक्तातून त्याला तापमानाच्या खबरा सतत मिळत असतात. घरातला फ्रिज जसा ठरावीक थंडावा आला की आपोआप बंद होतो आणि कमी झाला की चालू होतो, तसे याचेही एक 'ठरलेले तापमान' असते. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढचे सगळे त्याच्यावरच अवलंबून आहे.

अंग ठरलेल्या तापमानाखाली जाऊ लागले की त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून थंडीत हातपाय गार आणि फिकट पडतात. अंगावर काटा येतो. तेवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात. हुडहुडी म्हणतात ती हीच. हुडहुडीने उष्णतेची निर्मिती तीन-चार पटींनी वाढू शकते. अंग ठरलेल्या तापमानाच्या वर जाऊ लागले की याच्या उलट घडते. त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, आतले गरम रक्त मोठ्या प्रमाणावर कातडीकडे येते, चेहरा लाल होतो आणि घाम सुटतो.

कातडीपर्यंत आलेली उष्णता पुढे हवेत जायला हवी. हवा गार असेल तर काम सोपे असते. गरम वस्तू गार जागी ठेवली की निवते, तसे अंग आपोआप निवते. परंतु कातडीचे तापमान साधारण ३३ ते ३५ सेल्सिअस असते. हवा त्याहून तापली की उष्णता उलटी हवेतून अंगात शिरू लागते. एप्रिल-मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा शरीराकडे सुटकेची एकच वाट उरते आणि ती म्हणजे घाम.

घामाचे गणित

घाम आल्याने अंग थंड होत नाही, घाम वाळल्याने होते. माठातले पाणी थंड का होते, हे आपल्याला ठाऊक आहे. पाझरलेले पाणी वाळताना माठाची उष्णता घेऊन जाते. माठाला बाहेरून तेलकट हात लागत गेले आणि त्याची छिद्रे बुजली, की त्यातले पाणी गार होत नाही. कातडीचेही तसेच आहे. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता बाहेर नेतो. बैठे काम करणाऱ्या माणसाचे दिवसभराचे अन्न साधारण २००० कॅलरींचे असते. म्हणजे साडेतीन लिटर घाम दिवसाची सगळी चूल विझवू शकतो! उन्हाची सवय असलेला कष्टकरी माणूस तासाला लिटर-दीड लिटर घाम गाळू शकतो. निसर्गाने माणसाला दिलेली ही ताकद फार थोड्या प्राण्यांना लाभली आहे. कुत्र्याला जीभ बाहेर काढून धापा टाकाव्या लागतात आणि म्हशीला डबक्यात बसावे लागते.

या ताकदीचा एक गमतीदार पुरावा १७७५ सालचा आहे. लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन नावाचे डॉक्टर भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत शिरले. खोलीतील कोरड्या हवेचे तापमान २६० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे पाणी उकळण्याच्याही पुढे नेले होते. तेथे ठेवलेली अंडी सुमारे वीस मिनिटांत टणक झाली, मांसाचा तुकडा शिजून कोरडा पडला आणि डॉक्टरमहाशय आठ मिनिटे थांबून चालत बाहेर आले. त्यांनी तेथे भांड्यात पाणीही ठेवले होते. उघडे पाणी वाफ होऊन जात असल्यामुळे उकळेना. त्यावर तेलाचा थर सोडताच ते उकळू लागले. वाफ होणे थांबले की थंड होणे थांबते, हे त्यांना त्यातून दिसले. वाचकांनी हा प्रयोग घरी करू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता हवाच दमट असेल तर? मग घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंगातले पाणी आणि मीठ जाते, पण अंग निवत नाही. म्हणून कोकणात ३५ अंशांना जीव कासावीस होतो आणि आपल्याकडे ४० अंशांनाही माणसे कामे करतात. आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात सुखावतो आणि जुलैत तोच कूलर नकोसा होतो, त्याचेही कारण हेच. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या दिवशी जवळच्या केंद्रावर कमाल तापमान सुमारे ३८ अंश नोंदले गेले होते. आपल्याकडच्या माणसाला हा आकडा ऐकून 'एवढ्याने काय होते' असे वाटेल. परंतु समुद्राजवळची दमट हवा, डोक्यावर छत नाही, तासन् तास बसून राहणे आणि सभोवती लाखोंची गर्दी हे सगळे एकत्र आले, तर ३८ अंशही कमी नसतात.

पंख्याबद्दल पुष्कळांचा गैरसमज असतो. पंखा हवा थंड करीत नाही, तो फक्त घाम वाळवायला मदत करतो. खोलीची हवा ४० अंशांवर गेली की नुसता पंखा झळाच अंगावर फेकतो, आणि म्हाताऱ्या माणसांना तर घामही कमी येतो. अशा वेळी पंख्याखाली बसताना अंगावर ओला पंचा घ्यावा, हातपाय-मान ओली करावी. म्हणजे घामाचे काम पाणी करील.

शरीराला उन्हाची सवय होते, ही मात्र फार उपयोगाची गोष्ट आहे. रोज थोडा वेळ उन्हात काम केल्यास आठवडा ते दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातले मीठ कमी होते. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीची पहिली लाट जास्त बळी घेते. पुण्या-मुंबईहून सुटीला आलेला तरुण पहिल्याच दिवशी दुपारी क्रिकेट खेळायला जातो आणि आजारी पडतो, तोही याचमुळे. चार दिवस एसीत काढले तरी ही सवय सुटायला लागते.

चूल आटोक्याबाहेर जाते तेव्हा

उन्हाचा त्रास पायरीपायरीने वाढतो. लघवी कमी आणि गर्द पिवळी होते, जळजळते. 'उन्हाळी लागली' म्हणतो ती ही स्थिती म्हणजे शरीराने दिलेली पहिली चिठ्ठी असते. मग पोटऱ्यांत गोळे येतात. नंतर डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, घाम भरपूर असतो, नाडी जलद चालते. याचे कारण असे की, कातडीकडे मिनिटाला कित्येक लिटर रक्त वळवलेले असते, घामाने रक्तातले पाणी घटलेले असते, आणि मेंदूला व पोटातील अवयवांना रक्त कमी पडू लागते. वरातीत जाड कोट घालून वाजवणारा बँडवाला उभ्या उभ्या कोसळतो तो असाच. या पायरीवर सावली, आडवे निजवून पाय उंच करणे, कपडे सैल करणे, मीठ-साखरेचे पाणी एवढ्यावर माणूस तासाभरात सावरतो.

ही पायरी ओलांडली की उष्माघात होतो. अंगाचे तापमान १०४ किंवा त्यावर जाते आणि मेंदूचे काम बिघडते. उष्माघाताची खरी खूण हीच आहे. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो, नातेवाइकांना ओळखत नाही, झटके येतात, बेशुद्ध पडतो. उष्माघातात अंग कोरडे ठणठणीत असते असे जुन्या पुस्तकांत लिहिलेले असे. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरेही असते. पण मेहनत करताना उष्माघात झालेल्या माणसाच्या अंगावर घाम असू शकतो. 'घाम येतोय म्हणजे ऊन लागलेले नाही' अशी समजूत करून घेऊ नये.

येथे मेंदूतील ते 'ठरलेले तापमान' आठवा. उष्माघातात ते ९८ च्या आसपासच असते, बदललेले नसते. अंग निववण्यासाठी मेंदू जिवाच्या आकांताने हुकूम सोडत असतो, पण यंत्रणाच थकलेली असते. तापाची गोळी काम करते ती चढलेले ठरीव तापमान खाली आणण्याचे. जे चढलेलेच नाही, ते ती खाली काय आणणार? वर उष्म्याने होरपळलेल्या यकृतावर तिचा बोजा पडतो. ॲस्पिरिनसारख्या गोळीने तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

२०१९ च्या मे महिन्यात लग्नघरातील एका आचाऱ्याला माझ्याकडे आणले. पस्तिशीचा, धडधाकट. पत्र्याच्या शेडखाली, दोन भट्ट्यांच्या मध्ये तो सकाळपासून उभा होता. दुपारी बडबडू लागला. कोणी म्हणाले ताप डोक्यात गेला, कोणी म्हणाले बाहेरचे काही झाले. मात्र मांडवात पाण्याचा टँकर सांगणारा मुलगा हुशार निघाला. त्याने गाडी येईपर्यंत आचाऱ्याला सावलीत ओढले, शर्ट काढला, कोठीतले पाणी बादलीने अंगावर ओतत राहिला आणि दोघांना पत्रावळींनी वारा घालायला लावले. सरबतासाठी आणलेला बर्फ फडक्यात बांधून काखांत ठेवला. दवाखान्यात आला तेव्हा आचारी १०३ वर होता आणि आपले नाव सांगत होता. पुढे जिल्हा रुग्णालयात दोन दिवस राहून तो घरी गेला. त्या मुलाने जे केले त्याहून अधिक पहिल्या अर्ध्या तासात मीही काही केले नसते.

उष्माघातात आधी थंड करणे आणि मग नेणे, असा क्रम आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन जरूर करावा, पण ती येईपर्यंत पाणी ओतणे आणि वारा घालणे थांबवू नये; वाहनातही ते चालू ठेवावे. विहिरीजवळ, हौदाजवळ असाल तर तरण्या माणसाला डोके वर धरून गळ्यापर्यंत पाण्यात बसवणे सर्वांत उत्तम. 'गरम अंगावर गार पाणी टाकले तर लकवा मारतो' ही भीती निराधार आहे. पुरती शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी, कांद्याचा रस, काहीही घालू नये. ते फुप्फुसात जाते. खिशात कांदा ठेवण्याबद्दल वाचक नेहमी विचारतात. कांदा भाकरीबरोबर खावा. खिशातला कांदा घाम वाळवत नाही, मात्र डोक्यावर ओला दुपट्टा बांधला तर तो नक्की उपयोगी पडतो.

काही औषधे घाम कमी करतात किंवा अंगातले पाणी घटवतात. मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, सर्दी-खाजेवरच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, लघवी जास्त करणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या ही त्यांतली ठळक उदाहरणे. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाळा लागताना आपली चिठ्ठी एकदा डॉक्टरांना दाखवावी एवढेच. दारूने अंगातले पाणी जाते आणि उन्हाचे भानही जाते. प्यायला पाणी, ताक, पन्हे, लिंबू-मीठ-साखरेचे सरबत हेच चांगले. घरचे जलसंजीवनीचे प्रमाण असे: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तहान लागण्याची वाट पाहू नये, विशेषतः म्हाताऱ्यांनी. त्यांची तहानही मंदावलेली असते. 'सलाईन लावा' असा आग्रह मात्र शुद्धीवर असलेल्या आणि पाणी पचवणाऱ्या माणसासाठी धरू नये. अर्ध्या लिटरच्या नेहमीच्या बाटलीत मीठ-पाणी आणि फार तर पाच-सहा चमचे साखर असते.

ताप म्हणजे काय

आता पहिल्या रुग्णाकडे वळू. मलेरिया, विषमज्वर, डेंग्यू, फ्लू असे काही अंगात शिरले की रक्तातील पांढऱ्या पेशी काही द्रव्ये सोडतात. त्यांच्यामुळे मेंदूत प्रोस्टाग्लँडिन नावाचे रसायन तयार होते आणि ते हायपोथॅलॅमसचे ठरीव तापमानच वर सरकवते. समजा ते ९८ वरून १०३ वर गेले. अंग तर अजून ९८ वरच आहे. मेंदूच्या हिशेबी आता अंग पाच अंशांनी गार आहे! म्हणून भर मे महिन्यात माणसाला थंडी वाजते. तो हुडहुडतो, गोधडीवर गोधडी मागतो, आणि त्यामुळे अंग १०३ वर पोचते. तेथे पोचले की थंडी थांबते. रोग हटला, किंवा गोळीने ते रसायन बनणे थांबले, की ठरीव तापमान पुन्हा ९८ वर येते. आता अंग पाच अंशांनी गरम आहे असे मेंदूला वाटते आणि दरदरून घाम फुटतो. मलेरियाच्या थंडी, ताप, घाम या तीन पायऱ्या आपल्या आजीलाही ठाऊक होत्या. त्यामागचा हिशेब असा आहे. ॲस्पिरिनसारख्या गोळ्या हे रसायन रोखतात, हे इंग्लंडच्या जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले. त्यांना १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे तापात यंत्रणा बिघडलेली नसते. शरीराने ठरवून तापमान वाढवलेले असते. त्यामुळे साधा ताप सहसा १०६ च्या पुढे जात नाही. हे वाढवणे उपयोगाचे असावे, असे मानायला आधारही आहे. १९७५ साली अमेरिकेत वाळवंटातील इग्वाना या मोठ्या सरड्यांवर प्रयोग झाला. या सरड्यांना आतून ताप आणता येत नाही. जंतुसंसर्ग झाल्यावर ते आपण होऊन जास्त उबेच्या जागी जाऊन बसले. ज्यांना ती ऊब मिळू दिली नाही, त्यांच्यात जास्त मेले.

तेव्हा १०० किंवा १०१ ताप दिसताच गोळी घेतलीच पाहिजे असे नाही. मूल खेळत असेल, पाणी पीत असेल तर थांबता येते. अंग दुखते, डोके दुखते, मूल किरकिरते, खात-पीत नाही, तेव्हा पॅरासिटामॉल द्यावे. ते आरामासाठी आहे, रोगावर नव्हे. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या किंवा कोलन वॉटरच्या पट्ट्या ठेवतात. मिठाने आणि कोलनने काही विशेष होत नाही. बर्फाच्या पाण्याने अंग पुसणे तर तापात चुकीचेच आहे. मेंदूला तापमान १०३ हवे असताना बाहेरून गारवा दिला, तर तो पुन्हा हुडहुडी भरवतो. मुलाला थंडी वाजत असेल तोवर पांघरूण द्यावे. थंडी थांबली की काढून टाकावे, सुती पातळ कपडे घालावेत, पंखा लावावा. कोमट पाण्याने आंघोळ करायलाही हरकत नाही.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या काही मुलांना तापात झटका येतो. पाहणाऱ्याचे काळीज फाटते. पण असे झटके बहुधा दोन-चार मिनिटांत थांबतात आणि मेंदूला इजा करीत नाहीत. मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा घालू नये, चप्पल वा कांदा हुंगवू नये. झटका पाच मिनिटांहून लांबला तर, आणि पहिला झटका असल्यास थांबल्यावरही, दवाखाना गाठावा. वेळेवर तापाची गोळी दिल्याने झटका टळतो, असे मात्र सिद्ध झालेले नाही. आईने स्वतःला दोष देऊ नये.

तान्ह्या बाळाची गोष्ट थोडी निराळी. आपल्याकडे मे महिन्यातही बाळाला टोपडे, झबले, दुपटे, वर शाल असे गुंडाळून बंद खोलीत ठेवतात. त्याचे अंग कढत लागते, पण पुष्कळदा तो ताप नसतो, कोंडलेली ऊब असते. कपडे उतरवून, अंगावर पाजून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावे. तरीही १००.४ किंवा अधिक भरले आणि बाळ तीन महिन्यांच्या आतले असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे न्यावे. मोजताना काखेत डिजिटल थर्मामीटर धरावा. २०२० साली कोविडच्या काळात दारोदार दिसलेली ती कपाळावर धरायची यंत्रे उन्हातून आलेल्या माणसाला खोटाच ताप दाखवतात.

डेंग्यूच्या दिवसांत दोन गोष्टी पाळाव्यात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधे घेऊ नयेत. आणि तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरला की निर्धास्त होऊ नये. डेंग्यूत धोक्याचे दिवस तेथूनच सुरू होतात. पोट जोरात दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी यांपैकी काही दिसले तर ताप ९८ असला तरी रुग्णालयात जावे. निमेसुलाइड हे औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. कोणाच्या घरात जुनी बाटली असल्यास टाकून द्यावी.

पॅरासिटामॉलचे प्रमाण वयावर नव्हे, वजनावर ठरते. किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. दहा किलोच्या मुलाला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम. परंतु बाजारात ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमची बाटली मिळते, २५० ची मिळते, आणि तान्ह्यांसाठीच्या थेंबांत तर एकाच मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे तेच दीडशे मिलिग्रॅम पहिल्या बाटलीतून सव्वासहा मिलिलिटर होतात, दुसरीतून तीन आणि थेंबांतून दीड. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली 'एक झाकण' या मापाने पाजणाऱ्यांनी झाकणावरच्या खुणा आणि लेबलवरचे आकडे एकदा चष्मा लावून पाहावेत. वाचता येत नसतील तर बाटली घेऊन यावे. आम्ही पेनने खूण करून देतो.